फळ्यावरचं आभाळ

"चपला बाहेर काढा, बाई," सर म्हणाले, आणि मी इकडंतिकडं बघायला लागले. बाहेर म्हणजे कशाच्या बाहेर? आम्ही उघड्या माळावर उभे होतो. खाली मुरूम, वर आभाळ, मध्ये वारा. समोर जमिनीवर चुना फासलेले काळे दगड मोठ्या गोलात मांडलेले होते आणि एका जागी दोन हात फट ठेवलेली होती. ती फट म्हणजे दार. आत जायचं तर तिथूनच. कुणी दगड ओलांडून मधूनच आलं की सर "अहो भिंत! भिंत!" असे कळवळून ओरडायचे. येणारा बिचारा घाबरून कपाळ चाचपून बघायचा.

माझी सासू पहिल्या दिवशी तोंडाला पदर लावून खुदूखुदू हसली. ती माझी सख्खी आत्याही होती, म्हणून मी तिला आत्याच म्हणायची. महिनाभरात आत्यासुद्धा त्या फटीपाशी चपला काढून, डोईवरचा पदर नीट करून आत जायला लागली. "काय करावं," म्हणायची, "मास्तरच्या घराला छत न्हाई, भिंत न्हाई, पन दार हाय. दाराचा मान ठिवावा लागतो."

सर नांदेडच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. एकटेच. आपल्या देशाच्या पुढच्या मोठाल्या दुर्बिणी कुठं कुठं बसवायच्या हे ठरवायला वरती एक कमिटी बसली होती. तिनं देशभरातले थोडे डोंगर, थोडे माळ निवडले होते. तिथं दोन वर्षं रोज आभाळ बघायचं आणि वहीत लिहायचं. आभाळ निरभ्र होतं का ढगाळ, तारा स्थिर होता का थरथरत होता. एक दिवस सुटता कामा नये. ज्या जागेची वही सगळ्यात चांगली, तिथं देशातली सगळ्यात मोठी दुर्बीण. त्या यादीत एक आमचा माळ होता, औशाहून निलंग्याच्या अंगाला, आमच्या शाळेच्या बरोबर मागं. तो यादीत घालून घ्यायला सरांनी किती वर्षं पत्रं लिहिली ते त्यांनाच माहीत.

दगडांचा गोल म्हणजे त्या दुर्बिणीचा घुमट. सरांनी सगळं आधीच बांधून ठेवलं होतं. इथं आरसा, इथं जिना, इथं बाहेरून येणाऱ्या शास्त्रज्ञांना बसायला बाकं. उतारावरच्या एका बाभळीला गुडघाभर चुना फासलेला होता, ते कॅन्टीन. "चला, कॅन्टीनला बसू," म्हणायचे, आणि आम्ही बाभळीखाली बसून आत्यानं तांब्यातून आणलेला चहा प्यायचो. स्वतः सर कडेच्या पत्र्याच्या खोलीत राहायचे. तिला मात्र ते काहीच म्हणत नसत, कारण ती खरी होती.

मी मूळची भोकरची. माळाच्या या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर बाई होते. नवरा नांदेडला नोकरीला, शनिवारी यायचा. मी, आत्या आणि माझी चार वर्षांची लेक शाळेला लागून असलेल्या खोलीत राहायचो. शाळेच्या ओसरीत फळा होता. त्यावर मी रोज सकाळी तारीख, तिथी, पट आणि सुविचार लिहायची. सर पहिल्यांदा शाळेत आले ते प्यायला पाणी मागायला. पाणी राहिलं बाजूला, नाक टेकेल एवढ्या जवळून फळा वाचला आणि विचारलं, "हे अक्षर कुणाचं?" झालं. दुसऱ्या दिवसापासून आभाळाची वही माझ्याकडं आली. नाही म्हणायची माझी छाती नव्हती. मला जन्मात कुणाला नाही म्हणता आलेलं नाही.

मी मुळातच भित्री हो. कुत्र्याला भिते, आडाला भिते, साहेबाच्या जीपला भिते. घरी तार आली तर उघडायच्या आधी रडून घेते. दिवेलागणीला परक्या माणसासोबत माळावर जायचं, गाव काय म्हणेल, ही पहिली भीती. त्यावर आत्यानं तोडगा काढला. "मी येते की संगं. हितं बसून जप करायचा, तो तितं करीन." मग रोज आमची वरात निघायची. पुढं आत्या, साप-किरडू बाजूला व्हावं म्हणून काठी आपटत, मागं एका हातात वही, दुसऱ्या हातात लेक धरून मी. आत्या गोलाच्या आत भिंतीला, म्हणजे दगडाला, टेकून बसायची, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरायची आणि एक डोळा उघडा ठेवून जप करायची.

तिपाईवर एक हातभर लांबीची दुर्बीण असायची. मी तिला डोळा लावायची, सर सांगतील तो तारा शोधायची आणि तो किती थरथरतो त्याला पाचपैकी गुण द्यायची. शाळेतल्या पोरांना देतो तसेच. सर बाजूला उभे राहून विचारायचे, "त्याच्या शेजारी बारीक आहे तो दिसतो? नक्की? अंदाज नको बाई, नजर पाहिजे." मला वाटायचं, माझी परीक्षा घेताहेत. पंधरा दिवस मी परीक्षा देत राहिले. एकदा घरी येताना आत्या म्हणाली, "पोरी, मास्तरला दिसंना. त्यो तुला इचारून लिवून घेऊन राहिला."

खरंच होतं ते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. देशाच्या दुर्बिणीची जागा शोधणाऱ्या माणसाला तारा दिसत नव्हता! मी भीतभीत विषय काढला तर लपवलं नाही त्यांनी. "डॉक्टर म्हणतात पिकू द्या. पिकू द्या म्हणजे? आंबा आहे का? आणि समजा कापताना हात चुकला तर? म्हणून मी जात नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कमिटीला कळलं तर वही रद्द करतील. तुमचे डोळे आहेत तोवर वही खरी आहे, बाई. मी खाली सही करतो ती तुमच्या डोळ्यांवर करतो." माझ्यासारखीच्या डोळ्यांवर कुणी एवढा भार टाकतं का?

डोळे गेले तरी सरांना आभाळ कळायचंच नाही असं नव्हतं. दारालगत एक मोठा काळा दगड होता. दिवे लागून तास-दोन तास झाले की सर त्याच्यावर तळहात ठेवून बसायचे. लेकराचा ताप बघावा तसे. शाळेच्या पोरांना एकदा ओळीनं तिथं बसवून शिकवलं होतं त्यांनी. "आभाळ उघडं असलं की दगडातलं ऊन वर निघून जातं, दगड लवकर गार पडतो. ढग असला की तो गोधडी. दगड कोमट राहतो." पोरांनी घरी जाऊन चुलीपासून जात्यापर्यंत सगळ्या दगडांवर हात ठेवून बघितले. मला तो निव्वळ चाळा वाटला, मी विसरून गेले.

मी माणसांना भ्यायची, सर उजेडाला भ्यायचे. गावात लग्न निघालं की सर वरबापाच्या दारात हजर. "मांडव घाला, जेवणं घाला, फक्त तो गॅसबत्तीचा उजेड माळाकडून पोत्यानं झाका." लोक हसायचे, पण झाकायचे. सरांना त्या मोतीबिंदूमुळं दिवा आहे त्यापेक्षा मोठा दिसायचा, त्याला कडी दिसायची, त्यामुळं त्यांची भीतीही आहे त्यापेक्षा मोठी. "बाई, उजेड आला की परत जात नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. दिवसातून दोनदा तरी म्हणायचे.

त्याच सुमारास आमचा जिल्हा बदलला. झोपताना आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात होतो, उठलो ते लातूर जिल्ह्यात. गावात गुलाल उधळला, मी पोरांना पेढे वाटले. सर मात्र गोलाच्या आत येरझारा घालत होते. "जिल्हा झाला म्हणजे कचेऱ्या. कचेऱ्या म्हणजे रस्ते. रस्ते म्हणजे दिवे." दुसऱ्या आठवड्यात मला घेऊन लातूरला निघाले. तुपाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी दिव्याला बसेल अशी एक टोपी बनवली होती, ती मांडीवर घेऊन एसटीत बसले. नव्या कचेरीत अजून खुर्च्यांचे दोर सुटले नव्हते. पावसानं दोन वर्षं ताण दिलेला, व्हरांड्यात टँकर मागायला आलेली गावंच्या गावं बसलेली. सरांनी साहेबापुढं टोपी ठेवली आणि म्हणाले, रस्त्याच्या प्रत्येक दिव्याला अशी टोपी घाला, म्हणजे उजेड खाली पडेल, आभाळात जाणार नाही.

साहेबांनी टोपी उलटीपालटी करून बघितली. "मास्तर, लोक माझ्याकडं पाणी मागायला येतात. तुम्ही अंधार मागायला आलात?"

सगळी कचेरी हसली. मला धरणीनं दुभंगून पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. सर हसले नाहीत. "अंधार नाही मागत साहेब. आहे तेवढा राहू द्या म्हणतो," म्हणाले आणि टोपी टेबलावरच ठेवून उठले. पुढं एकदा कामानिमित्त मी त्या कचेरीत गेले, तेव्हा शिपायानं त्या टोपीत टाचण्या ठेवल्या होत्या. परतताना एसटीत सर म्हणाले, "बाई, मला लई भीती वाटते. दुर्बीण यायच्या आधी उजेड पोचला तर?" एवढा शिकलेला माणूस, आणि भीती वाटते म्हणतो. मला तेव्हा पहिल्यांदा ते आपले वाटले.

आता चूक कुठं झाली ते सांगते. चूक फळ्यावर झाली, आणि ती सरांच्या हौसेतून झाली. ते म्हणाले, "आपण रोज आभाळ बघतो ते गावालाही कळलं पाहिजे. गावाचंच आभाळ आहे." म्हणून सुविचाराच्या खाली मी एक ओळ वाढवली. 'कालचे आभाळ : निरभ्र.' पहिलं वर्षभर कुणी त्या ओळीकडं बघितलंही नाही. दुसऱ्या वर्षी मिरगात दोन-तीन दिवस आभाळ आलं, गडगडलं. मी इमानदारीनं 'ढगाळ' लिहिलं. त्या दिवशी चार थेंब पडले. मग जे आभाळ पुसलं गेलं ते गेलंच. आद्रा नक्षत्र कोरडं, पुख कोरडं. मी रोज सकाळी लिहीत होते, निरभ्र. निरभ्र. निरभ्र. पेरलेलं बी जमिनीतच भाजून गेलं. आणि गाव ती ओळ वाचायला लागलं.

आधी एकदोघं यायचे, फळा बघून जायचे. मग दहा-पंधरा जण ओसरीत येऊन बसायला लागले. भांडण नाही, शिवी नाही, नुसते बसून फळ्याकडं बघायचे. त्यांच्यात म्होरके तात्या. पागोटं, धोतर, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलायला साखरेसारखे. त्यांचे दोन नातू माझ्या वर्गात. पोरं पाढे म्हणायची आणि माझ्या पाठीला ती सगळी नजर लागायची. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी तात्यांनी सरांना बोलावून घेतलं.

"मास्तर, तुमी वरचे सरकारी मानूस. आमचं एक काम करा. फळ्यावर ढगाळ लिवा."

सर समजुतीनं म्हणाले, "तात्या, ढग आला की लिहू. आम्ही लिहितो म्हणून आभाळ तसं होत नाही. आभाळ असतं तसं आम्ही लिहितो."

"तसं कसं?" तात्यांचा आवाज चढला नाही. "साहेबानं आणेवारी कमी लिवली की दुष्काळ व्हतो, जास्त लिवली की सुकाळ. पीक तेच, रान तेच. आन् ह्यो जिल्हा? कुनी नांगर फिरवला का भिंत बांधली? लिवलं, आन् आमी लातूरचे झालो. मिरगात बाईनं ढगाळ लिवलं त्या दिशी पडला का न्हाई? सरकारात लिवलं तसंच व्हतंय, मास्तर. आमी जलमभर हेच बघून राहिलो."

काय बोलणार? सांगा तुम्ही! मला तर त्यांचंच पटायला लागलं. सर म्हणाले, "फळ्यावरची ओळ उद्यापासून बंद करतो."

"फळ्याचं सोडा. वहीत काय लिवता? सरकारात वही जाती."

सर ताठ झाले. त्यांना असं ताठ मी त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. "वहीत जे दिसेल तेच लिहिलं जाईल. माझा जीव गेला तरी."

तात्या उठले, धोतर झटकलं. "तुमच्या जिवाचं कोन काय करतंय मास्तर. आमचा चाललाय." आणि निघून गेले. सगळेच निघून गेले. ओसरी रिकामी झाली, आणि मला ती भरलेली असताना वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

त्या आठवड्यात सरांच्या पत्र्यावर दगड पडले. सर म्हणाले, माकडं असतील. आमच्या भागात माकडं नाहीत. माझ्या उंबऱ्यावर सकाळी टाचण्या टोचलेलं लिंबू आणि काळी बाहुली निघाली. आत्यानं चिमट्यानं उचलून लांब नेऊन टाकली आणि शिव्या घातल्या, पण त्या दिवशी लेकीला दाराबाहेर सोडलं नाही. आणि मग टँकर. गावात एक दिवसाआड टँकर यायचा, आडात पाणी सोडायचा आणि बायांची रांग लागायची. मी घागर घेऊन उभी राहिले. माझ्या पुढची बाई भरून गेली, माझ्या मागची बाई पुढं झाली. मग तिच्या मागची. मला कुणी ढकललं नाही. फक्त मी जिथल्या तिथंच राहिले आणि रांग माझ्या बाजूनं वाहत गेली. शेवटी मी पोहरा धरला, तर एकीनं तो हलक्या हातानं काढून घेतला. तिच्या पोरीला मी मुळाक्षरं शिकवली होती. म्हणाली, "बाई, तुमी तुमचं निरभ्र प्या."

आत्या पलीकडच्या वस्तीवरून, दीड कोसावरून, घागर आणायला लागली. साठीची बाई ती. त्या एका घागरीत आम्ही तिघी आणि सर. आठ दिवस असं चाललं. नवव्या दिवशी लेकीला ताप भरला. ओठ फुटलेले, "आई, अजून," म्हणायची आणि मी वाटीनं मोजून पाजायची. नवरा यायला चार दिवस होते. रात्रभर मी तिच्या कपाळावर हात ठेवून बसले आणि माझं ठरलं. ठरलं काय, भीतीनंच ठरवलं. आजवर माझं सगळं तिनंच ठरवलंय.

दुसऱ्या दिवशी माळावर गेलो. आभाळ काचेसारखं लख्ख. तारे एवढे की खडूची भुकटी सांडावी. मी दुर्बिणीला डोळा लावल्यासारखं केलं आणि म्हणाले, "सर, आज ढग आहेत."

सर वळले. "ढग? कुठल्या अंगाला?"

मी पश्चिमेला बोट केलं. सर त्या बाजूला तोंड करून कितीतरी वेळ उभे राहिले. आत्याचा जप थांबला होता. मग सर दगडापाशी जाऊन बसले, हात टेकला आणि भलतंच विचारलं, "आज टँकर आला होता का?"

"उद्या यायचा आहे," मी म्हणाले.

"बरं. लिहा. ढगाळ." आणि खाली सही केली.

सकाळी फळ्यावर मी ती ओळ परत सुरू केली. 'कालचे आभाळ : ढगाळ.' खडू तीनदा मोडला. दुपारी टँकर आला तेव्हा बायांनी मला पुढं घेतलं, माझ्या घागरी त्यांनीच भरल्या, एकीनं तर घरापर्यंत आणून दिली. तात्यांनी नातवाच्या हाती लेकीसाठी ताक पाठवलं. लेक दोन दिवसांत उठून बसली. आणि मी? मला वाटलं होतं, एकदाच खोटं लिहीन. पण पाऊस काही पडला नाही, आणि चार दिवस निरभ्र लिहिलं की ओसरीत एकेक जण येऊन बसायला लागायचा. मग मी पुन्हा 'ढगाळ'. अशा सतरा ओळी झाल्या. प्रत्येक वेळी सर विचारायचे, कुठल्या अंगाला? मी दिशा सांगायची. रोज नवी दिशा सांगायला लागते ना! सर दगडावर हात ठेवायचे, थोडा वेळ बसायचे आणि सही करायचे. ज्या माणसाला दिसत नाही त्याला मी रोज फसवत होते. त्यांचा त्या वहीवर किती जीव होता! मला लिंबाची नाही, तात्यांची नाही, आता सरांच्या सहीची भीती वाटायची.

एकदा मात्र खरंच ढग आला. आम्ही पोचलो तेव्हाच पूर्वेकडून वर चढत होता, काळा, जड. मी बघतच राहिले. मग म्हणाले, "सर, ढग." माझा मलाच विश्वास बसेना, आवाजही रोजच्यासारखाच खोटा आला. सरांनी दगडावर हात ठेवला. उचलला, दुसरा ठेवला. म्हणाले, "बाई, आज जरा जास्त वेळ बसू या." आम्ही बसलो. आत्यानं लेकीला पदराखाली घेतलं. वारा पडला होता, मातीचा वास येत होता. सर नुसते हसत होते. पाऊस आमच्याकडं पडला नाही, औशाच्या पलीकडं कुठंतरी पडला म्हणे. आमच्याकडं तो परतीला आला, थोडाच, ज्वारी पेरण्यापुरता. तात्यांनी फळ्याला हळद-कुंकू वाहिलं आणि मला साडी-चोळी केली. ती साडी मी कधी नेसले नाही.

वही पूर्ण झाली, कमिटीकडं गेली. थंडीत पत्र आलं. पत्र इंग्रजीत, आणि सरांना वाचता येत नाही म्हणून मलाच मोठ्यानं वाचायचं. बाभळीखाली, कॅन्टीनमध्ये, बसलो. दोन जागा शेवटपर्यंत बरोबरीनं होत्या, असं लिहिलं होतं. ताऱ्याचं स्थैर्य आमच्याकडं जास्त चांगलं. पण ढगाळ रात्री अपेक्षेपेक्षा जास्त, म्हणून दुसरी जागा निवडली आहे. आपल्या परिश्रमांबद्दल आभार.

"पुन्हा वाचा," सर म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. आता सांगावं, आत्ता सांगावं, असं आतून कुणीतरी ढुसण्या देत होतं. माझ्यापासून दोन हातांवर ते बसलेले होते, आणि मला तोंड उघडवलं नाही.

"बरं," सर म्हणाले. मग आत्याकडं वळून, "आज चहात आलं घातलंय का? चांगला झालाय."

आत्यानं पदरानं डोळे पुसले. "घातलंय मास्तर. आजून घ्या."

दोन दिवसांनी ते नांदेडच्या गाडीनं गेले. जाताना गोलात गेले, दारातूनच, चपला काढून. बाहेर येऊन फटीत एक दगड लावला. दार बंद केलं.

ऑपरेशन त्यांनी शेवटपर्यंत केलं नाही. चार-पाच वर्षांनी नांदेडला वारले. नवऱ्याच्या पत्रातून कळलं. मी तेव्हा सुट्टीत भोकरला माहेरी होते, नांदेड किती लांब? पण दिवसकार्यालाही गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार होते?

पुढं माझी त्या शाळेवरून बदली झाली. शाळेचं कपाट आवरताना जुन्या हजेरीपटांच्या खाली आभाळाची वही निघाली. आम्ही दोन वह्या ठेवायचो, एक कच्ची, एक पक्की. महिनाअखेर मी कच्चीवरून पक्की उतरवून द्यायची, मग सर कच्चीची ती पानं दोन दिवस आपल्या खोलीवर नेऊन, परत आणून कपाटात ठेवायचे, आणि मी ती पुन्हा कधी उघडली नव्हती. पक्की कमिटीकडं गेली होती. ही कच्ची. मी एकटीच होते वर्गात, तरी दार लावून घेतलं आणि ती पानं काढली.

माझी पहिली खोटी ओळ. 'ढगाळ.' खाली सरांची सही. आणि सहीच्या खाली पेन्सिलीनं, आंधळ्या माणसाचं वेडंवाकडं, ओळ सोडून गेलेलं अक्षर. 'दगड गार.'

पुढची ओळ. 'ढगाळ.' सही. 'दगड गार.' पुढची. 'दगड गार.' मी बोट ठेवत ठेवत मोजल्या. सतरा. पहिल्या दिवसापासून माहीत होतं त्यांना. हात टेकला त्या क्षणापासून. जीव गेला तरी खोटं लिहिणार नाही म्हणालेल्या माणसानं सतरा वेळा गार दगडावर हात ठेवून माझ्या खोट्याखाली सही केली होती, आणि देशाची दुर्बीण दुसऱ्या माळावर जाऊ दिली होती.

मग मला तो दिवस आठवला. पानं उलटून तारीख शोधली. तिथंही तीच माझी ओळ, तीच सही. खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'दगड कोमट. ढग खरा.'

वही पिशवीत घालून मी माळावर गेले. निम्मे दगड लोकांनी नेले होते, चुना उडाला होता, गोल कुठून सुरू होतो कळत नव्हतं. बाभळीवरून अदमास घेत दाराच्या जागी आले. त्यांनी लावलेला दगड तेवढा तिथंच होता. मी चपला काढल्या आणि बाहेरच उभी राहिले. दगड उचलून आत जायची माझी छाती झाली नाही.